उजवी खुर्ची

कॉकपिटमध्ये बसलेले दोन वैमानिक एकसारखं जेवत नाहीत. एकाला अन्न बाधलं तर दुसरा तरी धड राहावा, म्हणून ही रीत पडली. विमानं बदलली, यंत्रं बदलली, तरी ती टिकून राहिली. कॅप्टन यशोधरा रामटेके आणि तिचा सहवैमानिक नेल्सन तुस्कानो यांना ती पाळणं कधी जड गेलं नाही. यशोधरा मूळची भंडाऱ्याची, लग्न होऊन कोल्हापुरात आलेली. तिच्या डब्यात भाकरी आणि झुणका. नेल्सन वसईचा. त्याच्या डब्यात आईने पाठवलेल्या बोंबलांचं सुकं.

त्या दिवशी नांदेडची फेरी अर्धा तास लांबली होती. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उभ्या विमानात दोघं डबे उघडून बसले होते.

"नेल्सनभाऊ, झाकण लाव रे. धुराची घंटा वाजेल."

"वाजू दे, मॅडम. खरीच आग लागली तर ह्या वासाने पळून जाईल."

नेल्सन तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, बावन्न वर्षांचा. तरी कॅप्टनची डावी खुर्ची तिची आणि उजवी त्याची. वैमानिकाची खुर्ची वयावर ठरत नाही, यादीतल्या नंबरावर ठरते. ज्या दिवशी तुम्ही कंपनीत आलात त्या दिवशी तुमचा नंबर लागतो, आणि वरचे निवृत्त होतील तसतसे तुम्ही सरकत जाता. कंपनी बदलली की मात्र पुन्हा सगळ्यांच्या मागे. नेल्सनच्या पायाखालून दोन कंपन्या बुडाल्या होत्या. दोनदा तो कॅप्टन होता होता राहिला आणि दोनदा तळापासून उभा राहिला. ह्या तिसऱ्या कंपनीत छोट्या विमानांच्या चौसष्ट वैमानिकांत त्याचा नंबर एक्कावन्न होता.

दोघांच्या टॅबलेटवर एकाच वेळी घंटी वाजली. कंपनीचं पत्र होतं. नभसागर एअरलाइन्स आपली मोठी विमानं स्वतःकडे ठेवणार होती. जिल्ह्याजिल्ह्यांना जोडणारी पंख्याची छोटी विमानं वेगळी काढून त्यांची नवी कंपनी होणार होती, नाव 'चंडोल एअर'. एक जानेवारीपासून. नव्या कंपनीत कोणाला घ्यायचं ते 'सावली'च्या चाचणीनंतर ठरणार होतं.

नेल्सनने पत्र दोनदा वाचलं. हातातला बोंबील परत डब्यात ठेवला.

"तिसरी," तो एवढंच म्हणाला.

*

सावली हे यंत्र नव्हतं, म्हणजे हात लावून दाखवावं असं नव्हतं. कॉकपिटमध्ये छताला दोन कॅमेरे होते. वैमानिक कुठे बघतो, हात कधी उचलतो, इंजिनाची लिव्हर किती पुढे ढकलतो, काय बोलतो, हे सगळं वर्षानुवर्षं साठवलं जात होतं. त्या साठ्यातून संगणक एकेका वैमानिकाची नक्कल शिकत गेला. अमुक ढग, अमुक वारा, अमुक धावपट्टी असेल तर हा वैमानिक काय करील? शिकता शिकता तो इतका तयार झाला की पुढच्या क्षणी वैमानिक काय करणार ते आधी सांगू लागला. विमान उडत असताना ही नक्कल गुपचूप सोबत चालायची. म्हणून तिला सावली म्हणत.

ती आली तेव्हा सगळ्यांना आवडली होती. वैमानिक दमला, आजारी असला, मनात काही असलं, की त्याचं वागणं सावलीपासून फटकून जायचं आणि कॉकपिटमध्ये एक मंद पिवळा दिवा लागायचा. त्या दिव्याने दोन-तीन अपघात टळले होते.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की सावली जर माणसासारखी वागते, तर ती माणसाच्या जागी का नको? कायद्याने छोट्या विमानात एक वैमानिक आणि एक सावली चालवून पाहायला परवानगी दिली. फक्त आधी सिद्ध करून दाखवायचं होतं.

वैमानिकांच्या खोलीत त्यावर रोज थट्टा चालायची. "सावलीशी जुळलास तर तू कशाला हवास? आणि नाही जुळलास तर तू नकोच." सगळे हसायचे आणि मग चहाच्या कपात बघत बसायचे.

*

चार दिवसांनी उड्डाण विभागाचे प्रमुख नाडगौडा यांनी यशोधराला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. स्वतः वैमानिक होता, कानाच्या दुखण्यामुळे टेबलाशी बसला होता.

"तुमची सावली नव्व्याण्णव टक्के जुळते," ते म्हणाले. "चौसष्ट जणांत पहिली. अभिनंदन."

"कशाबद्दल, सर? माझी नक्कल सोपी आहे याबद्दल?"

नाडगौडा हसले नाहीत. "चाचणी रत्नागिरीला आहे. विमान रिकामं. प्रवाशांच्या जागी वाळूची पोती. तुम्ही डावीकडे. उजवी खुर्ची मोकळी. शेवटची दहा मिनिटं तुम्ही हात मांडीवर ठेवायचे. तुम्हाला भोवळ आली असं समजायचं. सावलीने विमान उतरवलं की झालं."

"उतरवलं तर?"

"तर कॅप्टन सगळे चंडोलमध्ये. जुन्या नंबरासकट."

"आणि उजवीकडचे तीस जण?"

नाडगौडांनी टेबलावरचं पेन उचलून दुसरीकडे ठेवलं. "यशोधरा, चाचणी फसली तर नवी कंपनी उभी राहत नाही. पैसे घालणारे सावलीसाठी आलेत. ते उठले की जिल्ह्यांची सेवा बंद. मग तीस नाही, चौसष्टच्या चौसष्ट घरी. मी घाबरवत नाही. मला जे सांगितलं गेलं ते सांगतोय."

ती हो म्हणाली. चौतीस तरी वाचतील असं तिने स्वतःला सांगितलं. आणि खोटं कशाला बोला, पहिली आली याचं थोडं बरंही वाटलं होतं.

*

तिचा नवरा सुमेध दूध संघात गुरांचा डॉक्टर होता. संध्याकाळी तो शेणाने भरलेले बूट दाराबाहेर काढून आत आला, तेव्हा ती कपडेही न बदलता ओट्याशी उभी होती. तिने सगळं सांगितलं. सुमेधने ऐकून घेतलं. काय सल्ला द्यावा ते त्याला कळेना, तेव्हा त्याने त्याची नेहमीची युक्ती केली. दिवसभरातली एक गोष्ट सांगितली.

"आज वडणग्याला गेलो होतो. एक मुऱ्हा म्हैस आठ दिवस पान्हा सोडेना. घरातली म्हातारी रडकुंडीला आलेली. म्हणे, माझ्या हाताशिवाय दूध देत नव्हती, आता माझ्याच हाताला ओळखेना. मी ताप बघितला, सड बघितले. काही नाही. मग विचारलं, घरात काय बदललं? तर म्हणे काही नाही, फक्त पितळी बादली गळायला लागली म्हणून प्लॅस्टिकची आणली."

"मग?"

"शेजारून पितळी बादली आणली. तिची कडी वाजली आणि म्हशीने पान्हा सोडला. म्हातारीला वाटत होतं, म्हैस आपल्या हाताला ओळखते. म्हैस ओळखत होती कडीला. म्हातारीचा चेहरा बघायला हवा होतास."

यशोधरा हसली. पण तिचं मन दुसरीकडेच होतं. नेल्सनला काय सांगायचं?

*

तिने ते दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून चाकं आणि पंखे तपासताना. नेल्सन चाकाशी वाकला होता. तो वाकलेलाच राहिला.

"म्हणजे माझी खुर्ची रिकामी ठेवायची," तो म्हणाला, "आणि रिकामी चालते हे दाखवून द्यायचं."

"नाहीतर सगळेच जातील, भाऊ."

"बरोबर आहे. तुमची तर सावलीसुद्धा पहिली आली."

ते तिला झोंबलं. "टोमणे मारू नकोस. मी मागायला गेले नव्हते."

"नकारही दिला नाहीत. नऊ वर्षं शेजारी बसलो, मॅडम. एकदा विचारायचं तरी."

आणि मग तिच्या तोंडून ते गेलं. "नऊ वर्षं बसलास, पण कधी बोललास? मी इतक्या वेळा गो-अराउंड केला. एकदा तरी तू माझ्याआधी तोंड उघडलंस?"

गो-अराउंड म्हणजे उतरता उतरता ठीक वाटलं नाही की विमान पुन्हा वर न्यायचं आणि वळसा घालून परत यायचं. कॉकपिटमधला तो सगळ्यात मोठा कायदा. दोघांपैकी कोणीही तो शब्द उच्चारला, अगदी काल लागलेल्या पोराने, तरी विमान वर गेलंच पाहिजे. वाद नंतर जमिनीवर घालायचा.

नेल्सन सावकाश उभा राहिला. हाताला लागलेलं काळं त्याने फडक्याला पुसलं.

"नाही बोललो," तो म्हणाला. "मला नको वाटेपर्यंत तुम्ही विमान वर घेतलेलं असतं. बोलायला उरतच नाही काही."

त्या दिवशी नांदेडला जाताना दोघं कामाचे शब्द तेवढे बोलले. डबे कोणी उघडले नाहीत.

*

चाचणीच्या दिवशी भाद्रपदातलं आभाळ होतं. मध्येच ऊन, मध्येच सर. प्रवाशांच्या जागी वाळूची पोती पट्ट्यांनी बांधून बसवली होती. ती रांगेत बसलेली पाहून यशोधराला हसू आलं आणि शेजारी ते सांगायला कोणी नाही हे जाणवलं.

तिच्या मागच्या घडीच्या खुर्चीवर विमान खात्याचे निरीक्षक लोकापुरे बसले होते. पांढऱ्या मिशा, हातात साधी वही. मागे वाळूच्या पोत्यांत सावलीची इंजिनीयर तबस्सुम मुजावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. तिशीची मुलगी. सावली तिने वाढवली होती आणि आईने मुलीला पाहायला आलेल्यांसमोर पाठवावं तशी ती धास्तावली होती.

रत्नागिरीची धावपट्टी सड्यावर, समुद्रालगतच्या कातळाच्या पठारावर आहे. सड्याच्या काठाला समुद्राचा वारा आपटून वर येतो आणि मनाला येईल तसा वळतो. दहा मिनिटं उरली तेव्हा लोकापुरे म्हणाले, "कॅप्टन, हात."

तिने हात मांडीवर ठेवले. लिव्हर आपोआप हलू लागल्या. अगदी तिच्यासारख्या. वेग कमी करताना ती आधी तो किंचित जास्तच उतरवायची आणि मग थोडा परत घ्यायची. सावलीनेही तसंच केलं. आपलीच चाल मागून पाहावी तसं तिला वाटलं.

हजार फूट. पाचशे फूट. धावपट्टी समोर दिसत होती, नुकत्याच पडून गेलेल्या सरीने चमकत होती. वारा पाठीकडे वळला, पण मर्यादेत. विमान थोडं वर होतं, मर्यादेत. वेग थोडा जास्त होता, तोही मर्यादेत. कुठलाही दिवा लागला नाही.

यशोधराने सवयीने उजवीकडे नजर टाकली. खुर्ची स्थिर. खांद्याचा पट्टा सरळ लोंबत होता. सगळं ठीक आहे, असं तिच्या अंगाने तिला सांगितलं.

आणि त्याच क्षणी तिच्या मनात आलं, पट्टा हलेल कसा? हलवणारा कुठे आहे?

नेल्सनचा डावा हात तिच्या डोळ्यांपुढे आला. खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्याचं टोक धरून खाली ओढणारा हात. उतरताना काही मनाविरुद्ध जायला लागलं की तो पट्टा आवळायचा. नऊ वर्षं तिच्या डोळ्याच्या कोपऱ्याने ते पाहिलं होतं आणि तिला ते माहीतही नव्हतं. वडणग्याची बादली कडी वाजवत तिच्या डोक्यात आपटली.

तिने समोर पाहिलं. नेल्सन नसताना, आपल्या दोन डोळ्यांनी पाहिलं. पाठीचा वारा, जास्तीचा वेग, जास्तीची उंची, ओली धावपट्टी. एकेक घेतलं तर काहीच नाही. चारही एकत्र घेतली तर विमान पट्टीच्या टोकाला थांबेल की सड्याच्या काठावरून जाईल हे सांगता येत नव्हतं.

सावली खाली चालली होती.

"कंट्रोल माझ्याकडे," ती म्हणाली आणि लिव्हर पुढे ढकलल्या. "गो-अराउंड."

इंजिनं गरजली. वाळूची पोती पट्ट्यांत आचके देत मागे रेलली. खाली धावपट्टी सरकून गेली, मग सड्याचा काठ, मग समुद्र. मागे लोकापुऱ्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. एकच ओळ.

दुसऱ्या फेरीला तिने स्वतः विमान उतरवलं.

*

विमानतळाच्या लहान खोलीत नाडगौडा आधीच येऊन बसले होते. त्यांनी यशोधराला दाराशी गाठलं आणि हळू आवाजात सांगितलं, "सगळे आकडे मर्यादेत होते. तुम्ही घाई केलीत, असं लिहून देऊ. माणूस आहे, सवयीने हात गेला. पुढच्या आठवड्यात कोरड्या दिवशी पुन्हा चाचणी घेऊ. तुमच्या नंबराला धक्का लागणार नाही, माझा शब्द."

एवढंच करायचं होतं. मान हलवायची होती. नव्व्याण्णव टक्के तसेच राहिले असते आणि कोरड्या दिवशी सावलीने विमान फुलासारखं उतरवलं असतं.

लोकापुऱ्यांच्या पुढ्यात कोकम सरबताचा पेला होता. "कॅप्टन," त्यांनी विचारलं, "विमान का वर नेलंत?"

"उशिरा नेलं, सर," यशोधरा म्हणाली. "चार सेकंद उशिरा."

"का?"

"कारण शेजारी नेल्सन तुस्कानो नव्हता."

नाडगौडांनी डोळे मिटून घेतले.

तिने पट्ट्याचं सांगितलं. सांगताना तिचे कान तापले. इतकी वर्षं कंपनीत तिचं नाव होतं, रामटेके मॅडमना धोका आधी कळतो. नव्या पोरांना तिचे गो-अराउंड धडा म्हणून दाखवले जायचे. "तो माझा एकटीचा गुण नव्हता," ती म्हणाली. "अर्धा उजव्या खुर्चीत बसलेला होता. मला आज कळलं. सावलीला अजून कळलेलं नाही."

 मग तबस्सुमने लॅपटॉप उघडला.  "मला तीन दिवस द्या," ती म्हणाली.

*

तीन दिवसांनी तबस्सुमने जे दाखवलं ते असं होतं. यशोधराने चाचणीआधी एक्केचाळीस वेळा उतरताना विमान परत वर नेलं होतं. त्यांतल्या तेहतीस वेळा शेजारी नेल्सन होता आणि एकतीस वेळा त्याने त्याआधी दोन-तीन सेकंद खांद्याचा पट्टा आवळला होता. उरलेल्या वेळी दुसरे कोणी होते. कोणी घसा खाकरला होता, कोणी मान पुढे काढली होती, कोणी पाय मागे घेतले होते.

"सावली 'का' असं विचारत नाही," तबस्सुमने सांगितलं. "एखाद्या गोष्टीच्या आधी नेहमी कुठली खूण येते, तेवढं ती शोधते. वारा, वेग, ओलावा हे सगळं एकत्र तोलणं अवघड. उजवीकडचा हात हलला का, हे बघणं सोपं. तिने सोपं ते उचललं. मी तिला विमान चालवायला शिकवत होते आणि ती उजव्या खुर्चीकडे बघायला शिकली."

"मग आधीच्या चाचण्यांत हे दिसलं कसं नाही?" लोकापुऱ्यांनी विचारलं.

तबस्सुमने खाली मान घातली. "कारण उजवी खुर्ची कधी रिकामीच नव्हती, सर. सिम्युलेटरमध्येसुद्धा कोणीतरी प्रशिक्षक तिथे बसायचाच. वैमानिकांची ती रीतच आहे. एक जण बाथरूमला गेला तरी केबिनमधलं कोणी येऊन त्याच्या जागेवर बसतं. रिकामी खुर्ची म्हणजे काय, हे आमच्या सगळ्या साठ्यात कुठे नव्हतंच. सावलीला रिकामी खुर्ची दिसली की वाटतं, शेजारचा निवांत आहे."

तिने बाकीच्या त्रेसष्ट सावल्याही तपासल्या होत्या. कमीजास्त प्रमाणात प्रत्येकीचं तेच होतं.

लोकापुऱ्यांनी निकाल लेखी दिला. छोट्या विमानातही दोन माणसं पाहिजेत. सावली हवी तर तिसरी.

पुढचे पंधरा दिवस वैमानिकांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. यशोधराने घरी रजेचे, निवृत्तीचे कागद बाहेर काढून ठेवले. सुमेधने ते न बोलता परत कपाटात ठेवले. नेल्सनशी ती बोलली नव्हती. चौसष्ट जणांना घरी बसवणारी बाई, असं कोणी तोंडावर म्हणालं नाही, पण कॅन्टीनमध्ये ती गेली की बोलणं बारीक व्हायचं.

मग एका दुपारी नाडगौडांनी सगळ्यांना हँगरमध्ये बोलावलं. तिथे उभ्या विमानाच्या पंखाखाली ते बोलले.

"पैसे घालणारे उठून चालले होते. तबस्सुम मुजावरने त्यांना दारात थांबवलं. ती म्हणाली, एका माणसाची सावली काढायला गेलो हीच चूक. जोडीची सावली काढू. दोघं एकमेकांना न बोलता काय सांगतात, आणि कधी सांगायचं राहून जातं, ते ओळखणारी. ती माणसाच्या जागी बसणार नाही, माणसांवर लक्ष ठेवील. अशी सावली दुसऱ्या कोणाकडे नाही. पण ती शिकवायला जोड्या लागतात." ते थांबले.  "चंडोल होतेय. चौसष्ट जण चाललेत. जुन्या नंबरासकट."

आधी कोणाला कळलंच नाही. मग कोणीतरी मोठ्याने श्वास सोडला आणि सगळा हँगर एकदम बोलायला लागला. एक दाढीवाला सहवैमानिक विमानाच्या चाकावर बसून ढसाढसा रडला आणि त्याच्याभोवतीचे त्याला हसत हसत थोपटत राहिले.

यादी भिंतीवर लावली होती. नेल्सनने तिच्यावर बोट ठेवून आपलं नाव शोधलं. एक्कावन्न. त्याने पुन्हा पाहिलं. एक्कावन्नच.

"कंपनी बदलली," तो मागे उभ्या यशोधराला न वळताच म्हणाला, "आणि नंबर तोच राहिला. आईला सांगितलं तर विश्वास बसणार नाही."

"भाऊ, तुला एक सांगायचंय."

"पट्ट्याचं ना? तबस्सुमने अहवालात नाव घातलंय. वाचलं मी." तो वळला. त्याचे डोळे ओले होते आणि चेहऱ्यावर एक विचित्र हसू होतं. "मला ठाऊक नव्हतं, मॅडम. शपथ. आई म्हणते लहानपणी होडीत बसलो की दोरी आवळायचो."

"मी त्या दिवशी जे बोलले..."

"खरंच बोललात. मी तोंड कधी उघडलंच नव्हतं." मग तो गंभीर झाला. "पण आता मोठी पंचाईत झालीय. मला कळलंय. आता माझा हात आपोआप जाणार नाही. जायला लागला की मला कळेल आणि मी थांबेन."

यशोधराच्या हे लक्षातच आलं नव्हतं.

*

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोघं चंडोलचं विमान घेऊन रत्नागिरीला चालले होते. शेपटीवर नवा पक्षी रंगवला होता. मागे बत्तीस प्रवासी.

सड्यावर त्या दिवशी वारा चाळे करत होता. पाचशे फुटांवर यशोधराने उजवीकडे पाहिलं. नेल्सन ताठ बसला होता. दोन्ही हात मांड्यांवर दाबून धरलेले. डाव्या हाताची बोटं उठली, हवेत थांबली, परत मांडीवर आली.

तीनशे फूट.

"गो-अराउंड!"

आवाज इतका मोठा होता की मागच्या पहिल्या रांगेतल्यांनीही ऐकला असावा. नऊ वर्षांत त्याने तो शब्द तिच्याआधी पहिल्यांदा उच्चारला होता.

"गो-अराउंड," तिने तोच शब्द परत उच्चारला आणि लिव्हर पुढे केल्या. विमान वर गेलं. खाली समुद्र उन्हात चकाकत होता. समोरच्या पडद्यावर जोडीच्या सावलीचा हिरवा दिवा लागला आणि विझला. सावलीलाही तेच वाटत होतं.

"माफ करा, ओरडलो जरा," नेल्सन म्हणाला.

"ओरड. कान माझे आहेत."

दुसऱ्या फेरीला वारा बाजूला गेला आणि विमान सरळ उतरलं. उतरताना नऊवारीतल्या एका आजींनी दारात उभ्या दोघांकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"काय रे बाबांनो, रस्ता चुकलात काय?"

"नाही आजी," नेल्सन म्हणाला. "मला समुद्र पुन्हा बघायचा होता."

"बघ हो बघ. आमका काय, फुकट फेरी झाली."

परतीच्या उड्डाणाला पाऊण तास होता. दोघं डबे घेऊन बसले. नेल्सनने आपला डबा उघडला, वास कॉकपिटभर पसरला, आणि त्याने सवयीने झाकणाकडे हात नेला.

"राहू दे उघडा," यशोधरा म्हणाली. तिने आपली झुणका-भाकर त्याच्याकडे सरकवली आणि त्याचा डबा आपल्याकडे ओढला. रीत मोडली नव्हती. दोघं वेगवेगळंच जेवत होते.